सुपाचा झटका व कणांची वाट

परभणी जिल्ह्यांत पूर्णा-नांदेड लोहमार्गावर चुडावा हें गांव आहे. ज्वारीच्या या मुलखांत दळणापूर्वीं धान्य सुपांत घेऊन पाखडण्याची चाल जुनी आहे. हलका कोंडा वाऱ्यानें उडतो, हें उघड आहे. परंतु जागचे जागीं हालणाऱ्या सुपावर दाणे एका बाजूस सरकतात ते कां?

याचें उत्तर घरींच पाहतां येतें. कागदावर तुरीची थोडी डाळ ठेवावी. कागद सावकाश पुढें सरकवावा. डाळ त्याच्याबरोबर जाते. मग तो झटक्यानें मागें ओढावा. डाळ जवळजवळ तेथेंच राहते आणि कागद खालून निसटतो. कागद मूळ जागीं आला, डाळ मात्र पुढें गेली. जाणें व येणें यांतील असमानतेनेंच तिला दिशा दिली.

दुसरा उपाय असा कीं, बळ दोन्हींकडे सारखें ठेवावें आणि वाट असमान करावी. करवतीच्या दात्याला एक चढ सौम्य, दुसरा उभा असतो. सौम्य चढ ज्या बळानें ओलांडतां येतो, तेंच बळ उभ्या चढावर अपुरें पडतें.

पाण्यांतील सूक्ष्म कण तर उष्णतेमुळें सदैव थरथरत असतात. दातेरी चाक व त्यास उलट फिरूं न देणारी खिट्टी योजून या थरथरीकडून फुकट काम घेतां येईल काय? तें अशक्य असल्याचें स्मोलुखोव्स्की यांनीं १९१२ सालीं दाखविलें. इतकी लहान खिट्टी स्वतःच थरथरून उचलली जाते. फाइनमन यांनीं १९६२ सालच्या व्याख्यानांत तेंच विवरिलें. पुढें १९९३ सालीं मॅग्नास्को यांनीं दाखविलें कीं, आलटून पालटून दोन्हींकडे ढकलणारें बाहेरचें बळ मिळाल्यास, त्याची सरासरी शून्य असूनही, असमान वाटेवर कण एकाच दिशेनें वाहूं लागतात.

अर्थात् दिशेची किंमत द्यावीच लागते. पेशींत ओझीं वाहणारें कायनेसिन हें प्रथिनही सुमारें ८ नॅनोमीटरच्या प्रत्येक पावलास एटीपीचा एक रेणु खर्ची घालतें.

पाखडणाऱ्या बाईचा हात शेवटीं निघाला तेथेंच परत येतो. तो कोठें गेला नाहीं, म्हणून श्रम झाले नाहींत असें नव्हे. निवडलेलें धान्य आणि भरून आलेले दंड त्या श्रमांची साक्ष देतात.