मोटारींतील पाण्याचा दिवा

पुण्याहून महाबळेश्वरास निघालेल्या एका गृहस्थांची मोटार वाई मागें टाकून पसरणीचा घाट चढूं लागली, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर हांकणाऱ्याच्या समोरील तबकड्यांमध्यें एक लहानसा तांबडा दिवा लुकलुकला. मागल्या बैठकीवर गृहस्थांच्या वृद्ध मातोश्री आणि दोन मुलें. गृहस्थांनीं गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलें आणि पाहिलें, तों पाण्याची टाकी भरलेली. दोन रेघांच्या बरोबर मध्यें गुलाबी पाणी स्वस्थ उभें होतें. पांचगणीच्या अलीकडे दिवा पुन्हां लागला, गाडी पुन्हां थांबली, आणि टाकी पुन्हां भरलेलीच आढळली. तिसऱ्या खेपेस दिवा लागला तेव्हां गाडी थांबली नाहीं.

या गृहस्थांचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. असे गृहस्थ प्रत्येक शहरांत आहेत, आणि त्यांनीं पुढें जें केलें तेंहि पुष्कळ जण करतात. गांवीं परतल्यावर एका कारागिरानें टाकीपाशीं येणाऱ्या दोन तारा एकमेकींस जोडल्या, वर काळी पट्टी गुंडाळली आणि दिवा कायमचा विझविला. मजुरी अल्प पडली, मातोश्रींची काळजी मिटली, आणि खोटारड्या दिव्याची कटकट संपली असें सर्वांस वाटलें. या भाषणाचा विषय त्या काळ्या पट्टीखालीं आहे.

एंजिनांत पेट्रोल जळतें तेव्हां सिलिंडरांतील वायूंचें उष्णतामान क्षणभर २००० अंशांच्या वर जातें. त्या उष्णतेपैकीं मोठा भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येत नाहीं. कांहीं धुराबरोबर निघून जाते आणि बरीचशी पाण्याला वाहून न्यावी लागते. हें पाणीहि केवळ नळाचें नसतें. त्यांत एथिलीन ग्लायकॉल नांवाचा द्रव आणि गंज रोखणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. या मिश्रणाला गॅरेजांत कूलंट म्हणतात. तें चवीला गोडसर पण विषारी असल्यामुळें सांडलेलें कूलंट उघड्या भांड्यांत ठेवूं नये; घरांतील लहान मूल किंवा अंगणांतील कुत्रें तें चाटण्याचा संभव असतो.

जुन्या काळीं या पाण्यावर नजर ठेवणें सोपें होतें. विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रविशारदाचा, मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांचा रेडिएटर १९०१ सालच्या मर्सिडीझ गाडीवर आला, आणि थोड्या पाण्यांत मोठें एंजिन थंड राहूं लागलें. फोर्डच्या टी नमुन्याची गाडी १९०८ ते १९२७ पर्यंत निघाली. पहिल्या सुमारें २५०० गाड्या सोडल्या तर तिच्यांत पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन आपोआप वर चढे आणि निवालेलें खालीं उतरे. पुढें रेडिएटरच्या झांकणावरच उष्णतामापक बसविण्याची चाल पडली, आणि हांकणारा समोरच्या कांचेंतून त्यांतील तांबडी रेघ वाचीत असे. तरीहि खरा इशारा वाफच देई. घाटाच्या माथ्यावर मोटार फुसफुसूं लागली, म्हणजे उतारू खालीं उतरत, कोणी डबा घेऊन झऱ्याकडे जाई, आणि वाफ ओसरेपर्यंत गप्पा चालत.

ही सोय बंद झांकणानें नाहींशी केली, आणि तें योग्यच झालें. उघड्या भांड्यांतील पाणी समुद्रकांठीं १०० अंशांना उकळतें, तर महाबळेश्वराच्या उंचीवर ९५-९६ अंशांनाच. म्हणजे एंजिन जेथें अधिक राबतें तेथेंच पाणी लवकर उकळावयाचें. परंतु हवेच्या दाबावर आणखी तितकाच दाब झांकणानें कोंडला, तर समुद्रकांठीं साधें पाणीहि १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. ग्लायकॉल मिसळलेलें त्याहून अधिक धीर धरतें. या बंद व्यवस्थेंत तापून फुगलेल्या पाण्याला जागा हवी म्हणून अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची एक टाकी बसविलेली असते. तिजवर कमाल आणि किमान अशा दोन रेघा असतात. पण वाफ दिसत नाहीं, झऱ्यावर थांबावें लागत नाहीं, म्हणून बॉनेटहि महिनोन्‌महिने उघडलें जात नाहीं. त्या न उघडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांऐवजीं हा तांबडा दिवा आला.

दिव्याला टाकींतलें कसें कळतें? बऱ्याच गाड्यांत टाकीमध्यें एक तरंगता फ्लोट असतो आणि त्याच्या पोटांत लहान लोहचुंबक असतें. जवळच, पाण्यापासून अलग, काचेची एक बारीक नळी असते. तिच्यांत लोह व निकेल यांच्या मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींच्या टोकाशीं, केसाएवढें अंतर राखून, बसविलेल्या असतात. चुंबक जवळ आलें कीं पट्ट्या एकमेकींस चिकटतात आणि वीज वाहूं लागते. दूर गेलें कीं सुटतात. ही नळी वॉल्टर एलवुड यानें अमेरिकेंतील बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेंत १९३६ सालीं शोधून काढली. टेलिफोनच्या कामासाठीं जन्मलेली ही वस्तु आज मोटारीच्या पाण्याचा पहारा करते. दुसऱ्या पद्धतीच्या गाड्यांत फ्लोट नसतो. धातूच्या दोन कांड्या पाण्यांत बुडालेल्या असतात आणि पाण्यांतूनच वीज एकीकडून दुसरीकडे जाते. पाणी खालीं गेलें, कांड्या उघड्या पडल्या, कीं वाट तुटून दिवा लागतो. अशा टाकींत कोणी अतिसावधपणें नुसतें शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच भरलें, तर टाकी भरलेली असूनहि दिवा लागण्याचा संभव आहे. कारण तसलें पाणी वीज फारच थोडी वाहूं देतें.

एवढ्यावरून एक गोष्ट दिसून येईल. दिवा पाणी पाहात नाहीं. तो चुंबकाची जागा किंवा कांड्यांमधील वाट पाहतो, आणि त्यावरून पाण्याविषयीं बोलतो. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्यानें पाहिलेली वस्तु निराळी असते. म्हणून त्याची उलटतपासणी करावी लागते. परंतु तपासणीचा आरंभ दिव्याला खोटें ठरवून करूं नये. आधीं संशय पाण्यावर घ्यावा.

तपासणी एंजिन पूर्ण निवाल्यावर, सपाट जागीं करावी. तापलेल्या गाडीचें झांकण कधींहि उघडूं नये. आंत १०० अंशांच्या वर तापलेलें पाणी केवळ दाबामुळें पाणी राहिलेलें असतें. झांकण ढिलें होतांच तें वाफ होऊन तोंडाहातांवर उसळतें, आणि त्या भाजण्याला घरगुती औषध नाहीं. टाकी बाहेरूनच पाहावी. जुनी टाकी पिवळी पडून आंतल्या बाजूस पाण्याचा डाग उमटलेला असतो, आणि घाईच्या नजरेला तो डागच पाण्याची पातळी वाटतो. गाडी किंचित् हलवावी. खरें पाणी हलतें, डाग हलत नाहीं.

दिवा केव्हां लागतो हेंहि पाहावें. थंडीच्या सकाळीं गाडी सुरू करतांना लागून थोड्या वेळानें विझत असेल, तर बहुधा दिवा खरें बोलत आहे. निवालेलें कूलंट आकसतें, पातळी किमान रेघेखालीं उतरते, आणि तापल्यावर पुन्हां वर येते. वळणावर किंवा चढावर लुकलुकत असेल, तरी पाणी रेघेच्या जवळ आलें असून हिसक्यानें एका अंगास जात असण्याचा संभव आहे. यापैकीं कांहींहि असलें तरी पाणी गेलें कोठें हा प्रश्न उरतोच. बंद व्यवस्थेंतील पाणी वारंवार भरावें लागूं नये. नळीच्या सांध्याशीं पांढरा किंवा रंगीत थर, गाडीच्या आंत पायाखालचा ओला गालिचा व गोडसर वास, तेलाच्या झांकणाखालीं दुधाळ साय, एंजिन तापल्यावरहि धुराच्या नळींतून न थांबणारी पांढरी वाफ, या सर्व खुणा दिवा निर्दोष असल्याच्या आहेत. दुधाळ साय थंडींत थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या करणाऱ्या गाडींतहि दिसते. तेवढ्यानें घाबरूं नये. पण पाणी घटत असतां ती दिसली तर कारागिराकडे जाण्यास दिवसाचाहि उशीर करूं नये.

पाणी निवालेल्या गाडींत, सपाट जागीं, योग्य रेघेवर आहे आणि आठवडाभर तेथेंच राहिलें आहे, एवढें ठरलें म्हणजे मग दिव्याकडे वळावें. दोष बहुधा क्षुद्र असतो. टाकीच्या बुडाशीं येणारा तारांचा प्लग ढिला होतो, त्याच्या पितळी टांचणीवर हिरवा गंज चढतो, उंदीर तार कुरतडतात. दोन निराळ्या जातींचीं कूलंटें एकत्र भरल्यानें कधीं कधीं शेवाळासारखा चिकट गाळ होतो आणि फ्लोट त्यांत अडकतो. जुना फ्लोट चिरतो, पाणी पितो आणि बुडून बसतो. कांहीं गाड्यांत फ्लोट टाकीपासून निराळा काढतां येत नाहीं, म्हणून सगळी टाकीच बदलावी लागते. ही रचना ग्राहकाच्या खिशाकडे पाहून केलेली नाहीं, हें उघड आहे.

येथें तारांची दिशा समजून घेणें अगत्याचें आहे. कांहीं गाड्यांत टाकी भरलेली असतां वीज वाहते आणि पाणी उतरल्यावर ती तुटून दिवा लागतो. अशा गाडींत तार तुटली, प्लग निघाला, तरीहि दिवाच लागतो. हा दिवा उगाच ओरडेल, पण बहुधा उगाच गप्प बसणार नाहीं. दुसऱ्या कांहीं गाड्यांत उलट आहे: पाणी उतरल्यावर वीज जोडली जाते. तेथें तार तुटली तर टाकी कोरडी पडूनहि दिवा शांत राहतो. पहिली रचना त्रासाची आणि दुसरी धोक्याची होय. आगगाडीच्या लोकांना हा भेद १८७६ सालीं फार महागांत कळला. त्या वर्षीं २१ जानेवारीस इंग्लंडांत अ‍ॅबट्स रिप्टन येथें बर्फानें सिग्नलाचे हात 'मार्ग मोकळा' या स्थितींतच गोठले. खटके ओढले तरी हात उठेनात, आणि उतारूंची वेगवान गाडी कोळशाच्या गाडीवर व दुसरी गाडी त्या ढिगाऱ्यावर येऊन आदळली. त्यापूर्वीं त्या मार्गावर सिग्नलाची नेहमींची स्थिति 'मोकळा' अशी असे; त्यानंतर ती 'थांबा' अशी करण्यांत आली. यंत्र बिघडलें तर तें थांबविण्याच्या बाजूनें बिघडावें, हा त्यांतला विचार होता.

आतां पसरणीच्या घाटांतील गृहस्थांच्या गाडीकडे पाहिलें, तर कारागिरानें काय केलें हें स्पष्ट होईल. तिची रचना पहिल्या, म्हणजे त्रासाच्या पण सुरक्षित जातीची होती. दोन तारा जोडल्यानें टाकी सदैव भरलेली असल्याची साक्ष कायमची लिहून ठेवल्यासारखें झालें. सिग्नलाचा हात गोठविण्यास येथें बर्फाचीहि गरज पडली नाहीं.

पुढल्या वैशाखांत सोलापूरच्या रस्त्यावर भर दुपारीं रेडिएटरच्या खालच्या नळीचा पट्टा सैल झाला. पाणी थेंब थेंब करून मैलामागून मैल रस्त्यावर सांडत गेलें. तांबडा दिवा गप्प होता. गृहस्थ अधूनमधून उष्णतादर्शक कांट्याकडे पाहात होते. तो मध्यावर स्थिर होता. पुष्कळ आधुनिक गाड्यांत हा कांटा लहानसहान चढउतारांनीं हलूं नये अशीच योजना असते. शिवाय त्याचें उष्णता जोखणारें टोंक पाण्यांत बुडालेलें असावें लागतें. पाणी निघून गेल्यावर तें वाफेंत किंवा नुसत्या हवेंत उघडें पडतें, आणि एंजिन भाजून निघत असतां कांटा उलट खालीं येऊं शकतो. त्या दुपारीं तो खालीं आला. गृहस्थांना वाटलें, गाडी निवाली. थोड्याच वेळांत जळका वास आला, एंजिनाची शक्ति ओसरली आणि गाडी उभी राहिली. अ‍ॅल्युमिनियमचें हेड वांकलें होतें, गॅस्केट जळालें होतें. दुसरें वाहन मिळेपर्यंत तीन तास मातोश्री कडुनिंबाच्या विरळ सावलींत बसल्या, आणि मुलांसाठीं आणलेलें पिण्याचें पाणी निम्म्या वेळांतच संपलें.

एंजिन उतरवून दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला ती काळी पट्टी सांपडली. त्यानें ती सोडली, तारा वेगळ्या केल्या आणि मूळचा प्लग काढून पाहिला. एका टांचणीवर हिरव्या गंजाचा ठिपका होता. घाटाच्या वळणांवर गाडी हिसके खाई तेव्हां तेवढ्या ठिपक्यापाशीं वीज तुटे आणि दिवा लागे. टाकी, फ्लोट, काचेची नळी, सर्व कांहीं ठीक होतें. नव्या प्लगची किंमत हेडच्या खर्चापुढें सांगण्यासारखी नव्हती.

ज्या गाडींत तार तुटल्यानें दिवा लागतो, तेथें त्याची परीक्षा घरच्या घरीं घेतां येते. गाडी निवालेली असावी, एंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि टाकीचा प्लग हलकेंच ओढून काढावा. कांहीं सेकंदांत दिवा लागला पाहिजे. कांहीं कारखान्यांनीं पाण्याच्या हिंदकळण्यानें दिवा उगाच लागूं नये म्हणून मुद्दाम विलंब ठेवलेला असतो, म्हणून थोडें थांबावें. गाडीची रचना कोणती हें तिच्या पुस्तकांत पाहावें किंवा जाणत्या मिस्त्रीला विचारावें. विरुद्ध रचनेच्या गाडींत प्लग काढल्यानें दिवा लागणार नाहीं. तेथें ही परीक्षा मिस्त्रीच्याच हातून करवावी, कारण भलत्या दोन टोंकांना तार जोडल्यास नवेंच नुकसान व्हावयाचें.

ते गृहस्थ आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सकाळीं बॉनेट उघडून टाकीची रेघ पाहतात आणि मग प्लग ओढतात. धाकटा मुलगा हांकणाऱ्याच्या जागीं बसून तबकडीकडे डोळे लावतो. "लागला का रे?" असें बाहेरून विचारलें जातें, आणि "लागला!" असें आंतून उत्तर आलें कीं प्लग पुन्हां जागेवर बसतो.