कागद नसला तरी म्हातारी माणसे आहेत

(वालावल येथे झालेल्या वनहक्क बैठकीतील एका कार्यकर्तीचे भाषण. बोलले तसेच उतरवून दिले आहे.)



मी काही मोठी वक्ता नाही. कुडाळ तालुक्यातल्या ठाकरवाडीतली मुलगी, बारावीपर्यंत शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्या.

मागच्या बैठकीत मी ब्राझीलमधल्या एका सिस्टरची गोष्ट सांगितली, तेव्हा मागून कोणीतरी बोलले, "ह्या पोरग्याक पाद्र्यांचा नाद लागलो." म्हणून आज पहिले तेच बोलते. मी ठाकर आहे, ठाकरच राहणार. माझा देव देवरहाटीत आहे. पण जमिनीसाठी कोण उभा राहिला, हे बघताना त्याचा धर्म बघू नये, असे मला वाटते.

आणि चर्चचे सगळे चांगलेच होते असे पण नाही. पोर्तुगीज ब्राझीलला गेले तेव्हा बोटीतून पाद्रीही गेले. तिथल्या आदिवासींचे देव आणि भाषा मोडण्यात त्यांचा हात होता. शेजारच्या गोव्यात काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहेच. पण पुढे त्यांच्यातल्याच काहींना चूक कळली. 1972 साली ब्राझीलच्या कॅथलिक बिशपांनी आदिवासींसाठी एक वेगळी परिषद काढली. तिचे काम म्हणजे आदिवासींच्या जमिनीच्या बाजूने उभे राहणे. 1988 साली त्या देशाची नवी घटना झाली. आदिवासींनी स्वतः राजधानीत जाऊन धडक दिली, परिषद त्यांच्या सोबत राहिली. घटनेत लिहिले गेले की पूर्वापार ज्या जमिनीवर आदिवासी राहतात त्यावर त्यांचा मूळचा हक्क आहे. त्याच वर्षी फिलिपिन्सच्या बिशपांनी पत्र काढून सांगितले की आपली जंगले संपत चालली आहेत आणि त्यात आदिवासी भरडले जात आहेत.

ती सिस्टर म्हणजे डोरोथी स्टँग. वय 73. अॅमेझॉनच्या जंगलात, पारा राज्यात, गरीब भूमिहीन शेतकऱ्यांबरोबर राहायची. जंगल न तोडता शेती करा, आणि सरकारने दिलेली जमीन सोडू नका, एवढेच तिचे सांगणे. मोठ्या जमीनवाल्यांना ते खुपले. 12 फेब्रुवारी 2005 ला रानातल्या वाटेवर तिला गोळ्या घातल्या. हातात फक्त बायबल होते.

एवढे लांब कशाला, आपल्या महाराष्ट्रात बघा. डहाणूला 1978 साली कष्टकरी संघटना उभी राहिली. ती उभी करण्यात प्रदीप प्रभू होते, ते आधी जेझुइट पंथातले. त्यांच्यावर पण "धर्म बदलायला आलेत" असा आरोप झाला. पण वारली लोकांनी बघितले की हे सातबाऱ्याचे बोलतात, मजुरीचे बोलतात, मोर्चात आपल्याबरोबर चालतात. वनजमीन कसणाऱ्यांचा प्रश्न त्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. 1991 साली न्यायालयाने सांगितले की दावे तपासताना नुसत्या कागदावर अडून बसू नका, दुसरा पुरावाही बघा.

हे मी का सांगते? कारण कागद हीच आपली अडचण आहे.

बारावीनंतर मी जातीच्या दाखल्यासाठी एका कचेरीत गेले. साहेब म्हणाले, 1950 च्या आधीचा आजोबांचा कागद आण. माझा आजा शाळेत गेलाच नाही. मी तसे सांगितले तर म्हणाले, "मग तू ठाकर कशावरून?" तीन वेळा गेले, तीन वेळा परत आले. घरी आजीला सांगितले तर ती म्हणाली, "आमका कागद खंयसून मिळतलो? आमका इचार मां, आम्ही सांगतव." मला तेव्हा रडू आले. आज वाटते की आजी बरोबर बोलली होती.

कारण वनहक्क कायद्यात तेच लिहिले आहे. 1 जानेवारी 2008 ला नियम आले. त्यात नियम 13 वाचा. दाव्याला दोन पुरावे लागतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचे म्हणणे लिहून घेतले तर तो एक पुरावा. पण तो माणूस स्वतः दावेदार नको. जुने घर, बांध, विहीर, मसणवट, देवाची जागा, हा दुसरा पुरावा. आदिवासी असेल तर 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा. दाखला नसेल तर मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास मागतात. म्हणून दाखल्याची लढाई पण सोडायची नाही. दोन्ही बरोबर चालवायच्या.

आणि नुसती कसलेली जमीन मागू नका. सामूहिक दावा पण करा. हिरडा, शिकेकाई, मध, ओहोळातले मासे, गुरांची चराई, हे सगळे त्यात येते. कलम 5 ने जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तिकडे दोडामार्गात कळण्याच्या खाणीविरुद्ध लोक उभे राहिले. सह्याद्रीचे सदाहरित रान एकदा खणले की आपल्या नातवंडांना दिसणार नाही. रान गेले तर हक्काचा कागद घेऊन करायचे काय?

कोणी पाद्री, कोणी साहेब, कोणी पुढारी येऊन आपला दावा लिहील म्हणून थांबू नका. मदत घ्या, पण सही आपली, अंगठा आपला. डहाणूत पण मोर्चात पाय वारल्यांचेच होते.

तर पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक वाडीने एक काम करायचे. सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, शाळेत जाणाऱ्या पोराला वही घेऊन बसवा. बांध कोणी घातला, विहीर कोणी खणली, कोणाला कुठे पुरले, सगळे लिहून घ्या. आज करा. माझी आजी मागच्या पावसात गेली. तिला ठाऊक होते ते मी लिहून घेतले नव्हते.

जंगल आमचे, राखणारे आम्ही. जिंदाबाद!