छातीत दुखलं नाही, तरीही…

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. पण सकाळी सरांनी जुन्या पटावरून हजेरी घेतली, तेव्हा तीन नावांना कुणी 'हजर' म्हटलं नाही. त्यातले दोघं हृदयविकारानं गेले, आणि दोघांनाही मधुमेह होता. म्हणून विषय बदलते. संयोजकांनी राग मानू नये. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. जे सांगणार आहे ते घरात भोगलेलं आहे आणि नंतर डॉक्टरांना विचारून, वाचून समजून घेतलेलं आहे.

आमच्या अण्णांना तुमच्यापैकी बरेच जण ओळखता. पंधरा वर्षं त्यांना साखर होती. एका टोमॅटोच्या हंगामात, तोडणी चालू असताना, त्यांना बांधावरून घरापर्यंत चालताना धाप लागायला लागली. घाम यायचा, मळमळायचं. छातीत अजिबात दुखत नव्हतं. 'पित्त झालंय' म्हणून सोडा प्यायले. क्रेट गाडीत चढवून नारायणगावच्या बाजारात पाठवले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, तर कार्डिओग्राम काढून डॉक्टर म्हणाले, "झटका येऊन गेलाय." अण्णा वाचले, पण हृदयाची ताकद निम्मी झाली. पुढची चार वर्षं ओट्यावर बसूनच मळा पाहायचे.

मधुमेहात असं का होतं? साखर बरीच वर्षं जास्त राहिली की नसांना इजा होते. पाय बधिर होतात हे आपण ऐकलेलं असतं. तशाच हृदयाच्या नसाही मंद होतात, आणि दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. त्यातून मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा दोन ते चार पट जास्त. आपल्या जुन्नर तालुक्यात हे वेगळं समजवायला नको. बिबट्या दिसला नाही म्हणजे तो उसात नाही, असं आपण कधी धरून चालतो का?

तीन वर्षांपूर्वी मलाही मधुमेह निघाला. गरोदरपणात साखर वाढली होती, तेव्हाच पुढचा धोका कळायला हवा होता. पण मी काही जाड नाही, त्यामुळे निर्धास्त होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच समजुतीवर काम केलं आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर मायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाला कमी, पण अंगात चरबी त्या मानानं जास्त, असं त्यात दिसलं. २००४ साली त्यांनी आपल्या एका इंग्रज सहकाऱ्यासोबतचा फोटो वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, २२.३. पण शरीरातली चरबी इंग्रजाची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! तेव्हा 'मी सडपातळ आहे' हा आपला बचाव होऊ शकत नाही.

निदान झाल्यावर मी घाबरले. अण्णांचं डोळ्यांसमोर होतंच. 'संपूर्ण हृदय तपासणी, सीटी अँजिओग्राफीसह, सवलतीत' अशी जाहिरात आली आणि मी पैसे भरायला निघाले. आमच्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "तुम्हाला त्रास काहीच नाही. अहवाल चांगला आला तर गोळ्या बंद करणार का?" म्हटलं, नाही. "वाईट आला तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवायचं. ते आत्ताही ठेवायचंच आहे ना?"

मी निरुत्तर झाले. आमच्या कामातही हाच नियम आहे. ज्या चाचणीच्या निकालानं पुढचं पाऊल बदलत नाही, ती चाचणी म्हणजे नुसता खर्च.

मग मी वाचलं. अमेरिका आणि कॅनडात ११२३ मधुमेही लोकांवर एक अभ्यास झाला. कुणालाही हृदयाचा त्रास नव्हता. निम्म्यांच्या हृदयाचं स्कॅन केलं, निम्म्यांचं नाही. सुमारे पाच वर्षांनी पाहिलं, तर हृदयविकाराचा झटका किंवा हृदयविकारानं मृत्यू यांचं प्रमाण स्कॅन केलेल्यांत २.७ टक्के आणि न केलेल्यांत ३ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. २००९ साली हे निष्कर्ष आले. कारण दोन्हीकडच्या लोकांना औषधं चांगली मिळत होती. म्हणूनच त्रास नसलेल्या प्रत्येक मधुमेहीची सरसकट अशी तपासणी करू नये, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही सांगते.

उलट डेन्मार्कमधला अभ्यास बघा. १६० मधुमेही, सगळ्यांच्या लघवीतून थोडी प्रथिनं जाऊ लागलेली. निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार आणि व्यायाम या सगळ्यांकडे एकदम आणि कसून लक्ष दिलं. सुमारे आठ वर्षांत त्यांच्यातले हृदयविकार आणि पक्षाघात निम्म्यावर आले. एकवीस वर्षांनी हिशेब केला, तर ते इतरांपेक्षा जवळपास आठ वर्षं जास्त जगले होते.

बिबट्यासाठी रोज ऊस धुंडाळत कोणी बसत नाही. गोठ्याचं दार लावतो, अंगणात दिवा ठेवतो. तसंच हे.

तर दिवा आणि दार म्हणजे काय, ते सांगते. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, बहुतेकांची ७ च्या आसपास असावी. रक्तदाब १३०/८० च्या खाली. वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल, लघवीतली प्रथिनं, डोळ्यांचा पडदा आणि पावलं तपासायची. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहीनं स्टॅटिन नावाच्या गोळीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारायचं. तंबाखू, मिश्री, बिडी बंद. या बहुतेक तपासण्या एका अँजिओग्राफीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत. तीस वर्षांवरच्यांचा रक्तदाब आणि साखर तर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत बघतात.

मात्र एक गोष्ट नीट ऐका. हे सगळं त्रास नसलेल्यांसाठी आहे. मधुमेहीला नवी धाप, विनाकारण घाम, जबडा-खांदा-पाठ दुखणं, नेहमीच्या कामात अचानक थकवा, न जाणारी मळमळ असं काही झालं, तर ते पित्त समजायचं नाही. त्याच दिवशी कार्डिओग्राम काढायचा. तो एकदा चांगला आला तरी त्रास चालूच असेल तर पुन्हा दाखवायचं. त्रास जोरात असेल तर १०८ ला फोन.

अण्णांनी रक्तदाबाची गोळी आदल्या वर्षीच सोडली होती. 'बरं वाटतंय, कशाला?' हे मला झटक्यानंतर कळलं. मी दर रविवारी फोन करायचे. पाऊस विचारायचे, टोमॅटोचा भाव विचारायचे. रक्तदाब किती, गोळी चालू आहे का, हे कधी विचारलं नाही. मोठा टीव्ही मात्र पाठवला होता. तुमच्या घरी आई-वडील असतील, तर आज रात्री एवढंच विचारा.

आणि स्वतःचंही विचारा. आपण सगळे पंचेचाळिशीला टेकलोय. पुढच्या मेळाव्यात सर पुन्हा हजेरी घेतील. आज ज्यांनी 'हजर' म्हटलं, त्या सगळ्यांचा आवाज मला तेव्हाही ऐकायचा आहे.