पहिलं विवरणपत्र स्वतःच्या हातानं

(मंडळाच्या युवा मेळाव्यात जुलै २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी करसल्लागार नाही. डिप्लोमा करून राज्य शासनात उपयंत्री म्हणून लागलो आणि माझं आयकर विवरणपत्र मी स्वतःच भरतो, पूर्वी कागदावर, आता संगणकावर. कार्यवाह म्हणाले, "तेवढंच मुलांना सांगा." म्हणून उभा राहिलो.

पगारातून कापले जाणारे दोन कर आधी ओळखा. वृत्तिकर आपल्या राज्याचा. संविधानानुसार तो वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जात नाही, आणि तो परत मिळत नाही. टीडीएस मात्र केंद्राच्या आयकरापोटी कापलेली आगाऊ रक्कम असते. तिचा हिशेब विवरणपत्रातच पूर्ण होतो.

माझ्या भाच्याचंच सांगतो. महिना २५,००० ठरले, हातात २२,५०० येत. कंपनीनं त्याला नोकर न म्हणता 'सल्लागार' म्हणून घेतलं होतं, त्यामुळे दहा टक्के कपात. तो म्हणाला, "मामा, कर कापला म्हणजे सुटलो ना?" अरे, सुटलास कुठला! वर्षाचं उत्पन्न ३ लाख, त्यावर नव्या पद्धतीत कर शून्य आणि सरकारकडे जमा ३०,००० रुपये. विवरणपत्र भरल्याशिवाय ते परत येत नाहीत. अशा कामाला पगारदारांचा 'सहज' फॉर्म चालत नाही, एवढं लक्षात ठेवा. काही ठरावीक व्यवसायांना 'सुगम' चालतो, बाकीच्यांना आयटीआर-३ लागतो.

ज्यांना खरोखर पगार आहे, त्यांना कंपनीकडून फॉर्म १६ मिळतो. तो हातात घ्या, मग पोर्टलवर पॅन टाकून २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडा. तिन्ही ताडून पाहा. बँकेचं व्याज फॉर्म १६ मध्ये बहुधा नसतं, एआयएसमध्ये असतं. तेही दाखवायचं.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर दोन्ही फॉर्म १६ जोडा. दोन्ही कंपन्या आपापल्या परीनं ७५,००० ची प्रमाणित वजावट धरतात, पण ती एकदाच मिळते. दोन्ही पगार एकत्र केले की कधीकधी थोडा कर भरावा लागतो. घाबरू नका, भरून टाका.

'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे सगळ्यांनी ऐकलंय. ती सवलत १ एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला आहे. आत्ता आपण भरतोय ते मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचं. त्या वर्षी नव्या पद्धतीत ही मर्यादा ७ लाख करपात्र उत्पन्नाची आहे.

आता कळीची गोष्ट. "पाचशे द्या, चाळीस हजार रिफंड काढून देतो," असं सांगणारे भेटतात. ते न भरलेला विमा, न दिलेलं घरभाडं, न केलेली देणगी लिहून टाकतात. रिफंड येतोही. पण विवरणपत्र तुमच्या नावाचं, पॅन तुमचा, आणि नोटीस येईल तीही तुम्हालाच. चुकीची माहिती देऊन कर लपवला तर त्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, शिवाय मूळ कर आणि व्याज. पाचशे घेणारा तेव्हा फोन उचलत नाही. तुम्हाला मदत घ्यायची तर जरूर घ्या, पण पाठवण्याआधी प्रत्येक आकडा स्वतः वाचा आणि पासवर्ड व ओटीपी कुणाच्या हाती देऊ नका.

फॉर्म पाठवला की काम संपत नाही. ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीनं पडताळणी करावी लागते. ती राहिली तर विवरणपत्र भरलं असं धरतच नाहीत. रिफंड ज्या खात्यात हवा, ते पोर्टलवर आधीच प्रमाणित करून ठेवा.

एरवी ३१ जुलैला संपणारी मुदत यंदा १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे. म्हणजे बाप्पांचं विसर्जन झाल्यावरही काही दिवस हाती राहतील. पण शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नका. उशीर झाला तर ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० पर्यंत आणि त्यावर ५,००० रुपये विलंब शुल्क लागतं.

पुढे घराचं कर्ज किंवा परदेशाचा व्हिसा घ्यायला जाल, तेव्हा हीच विवरणपत्रं मागतात. आजपासून नीट जपून ठेवा.

ज्यांना अडेल त्यांनी पॅन, आधार आणि आधारशी जोडलेला मोबाइल घेऊन कार्यक्रमानंतर माझ्याजवळ बसावं. बटणं मात्र तुम्हीच दाबायची.

गणपती बाप्पा मोरया!