घरच्या टाकीतील समुद्र : डॅमसेल माशाची निगा
(भाषणाचा मजकूर)



गोमंतकात समुद्र दाराशी आहे. तरीही समुद्रातला जिवंत मासा घरात पाळण्याचा छंद येथे तसा नवाच म्हणावा लागेल. दुकानातील काचपेटीत निळाशार डॅमसेल मासा पाहून मुले हट्ट धरतात, वडीलमंडळी तो घेऊन येतात आणि पुष्कळदा आठवड्याच्या आतच तो मरून पडतो. वास्तविक खाऱ्या पाण्यातील शोभेच्या माशांत डॅमसेल हा अतिशय चिवट समजला जातो. दोष असतो तो घाईचा.

डॅमसेल हे एका मोठ्या कुळाचे नाव आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारा क्लाउन मासा याच कुळातला. काळ्या पट्ट्यांचा सार्जंट मेजर तर मालवण आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यालगतही आढळतो. घरच्या टाकीला निळा डॅमसेल बरा. तो सात-आठ सेंटिमीटरच्या आतच राहतो. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला डॉमिनो लहानपणी मोहक दिसतो. परंतु मोठेपणी त्याचा रंग फिका पडतो आणि स्वभाव भांडखोर होतो.

पाण्यासाठी समुद्रावर कळशी घेऊन जाण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात मांडवी-जुवारीच्या मुखाजवळील पाण्याचा खारेपणा फार घटतो. मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठ क्लोरिनरहित पाण्यात, एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवावे व हायड्रोमीटरने विशिष्ट गुरुत्व १.०२० ते १.०२५ असल्याची खात्री करावी. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. तांब्याची भांडीही वापरू नयेत. तांबे जलचरांना विषारी ठरते. बाष्पीभवनाने पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. यास्तव रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरावी. या एका गोष्टीत भलेभले चुकतात.

आता मुख्य मुद्दा. माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही द्रव्ये माशाला घातक, तिसरे पुष्कळ सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढावयास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पूर्वी या काळात मुद्दाम डॅमसेल सोडीत. जगला तर टाकी तयार झाली, असे मानीत. एका जिवाचा असा कसोटीच्या दगडासारखा उपयोग करणे निर्दयपणाचे आहे आणि अनावश्यकही. रिकाम्या टाकीत कोळंबीचा लहानसा तुकडा कुजू दिला, तरी तेच कार्य साधते. तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्यावर येतील, तेव्हाच मासा आणावा. पुढेही दर पंधरवड्यास दहा ते वीस टक्के पाणी बदलावे.

डॅमसेलचा स्वभाव जमिनीच्या हद्दीवरून भांडणाऱ्या शेजाऱ्यासारखा आहे. काही जाती तर खडकावरील शेवाळाची अक्षरशः बागाईत राखतात आणि आपल्याहून मोठ्या माशालाही तेथून हुसकावून लावतात. नर अंड्यांवर पहारा देतो, परांनी त्यांना वारा घालतो. शंभर लिटरच्या टाकीत एकच डॅमसेल ठेवावा. अन्य मासे ठेवावयाचे असल्यास डॅमसेल सर्वांत शेवटी सोडावा. आधीच हद्द धरून बसलेल्या माशाच्या टाकीत नवा सोबती घालणे झालेच, तर दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या माशाची हद्द मोडते.

अन्न दिवसातून दोनदा, क्षणभरात संपेल इतकेच. बारीक चिरलेली, बिनमिठाची कोळंबी त्याला आवडते. जोडीला समुद्री शेवाळही असावे. तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस राखावे. एप्रिल-मेमध्ये पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडल्यास ते काहीसे उतरते. मात्र बाष्पीभवनही वाढते, हे ध्यानी असावे. पावसाळ्यात वीज गेली की हवेचा पंप थांबतो. बॅटरीवर चालणारा पंप घरात असलेला बरा.

टाकी सजविण्यासाठी किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा ठरू शकतो. २००१ साली प्रवाळ व समुद्रघोडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. साधे दगड पुरेसे आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन व काही डॅमसेल जातींची पैदास बंदिस्त टाक्यांत करून दाखविली आहे. खरेदी करताना मासा असा पैदाशीचा आहे की समुद्रातून पकडलेला, हे अवश्य विचारावे. काही परदेशांत प्रवाळांत दडलेले मासे सायनाइड फवारून पकडले जातात आणि असा मासा पुढे फार दिवस जगत नाही. नकोसा झालेला मासा समुद्रात वा खाडीत मात्र सोडू नये. त्याबरोबर रोग व परकी जात तेथे जाण्याचा धोका असतो. तो दुकानदारास परत करावा.

शाळांनी टाकी मांडण्यास हरकत नाही. रोजचे तापमान व खारेपणा विद्यार्थ्यांनी वहीत नोंदवावा. मात्र मे महिन्याच्या सुटीत टाकीकडे कोण पाहणार, हे ठरल्यावाचून मुख्याध्यापकांनी तिची खरेदी करू नये.