झाकणावरचा आकडा



कुकरची शिट्टी सैल बसली, तर वाफ निघून जाते आणि डाळ कच्ची राहते. गाडीच्या रेडिएटरचं झाकण हीच शिट्टी आहे. त्यावर बहुधा 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो. झाकण किती बार दाब धरून ठेवतं, ते तो सांगतो. उघड्यावर 100 अंशांना उकळणारं पाणी एवढ्या दाबाखाली 120 अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी 95 अंशांनाच उकळू लागतं. त्यामुळे झाकणाचं रबर कडक झालेली गाडी गावात मुकाट चालते आणि घाट चढताना वाफ सोडते.

अशा वेळी घाईने झाकण उघडणं फार धोक्याचं. दाब सुटताक्षणी आतलं पाणी उसळतं आणि तोंड, हात भाजतात. इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबायलाच हवं.

इंजिन थंड ठेवणारं हे पाणी, म्हणजे कुलंट, पेट्रोलसारखं खर्च होत नाही. त्याच्या बाटलीतली पातळी दर आठवड्याला बोटभर उतरत असेल, तर ते कुठून तरी जातंय. तरीही पुष्कळ मालक नळाचं पाणी ओतत राहतात. त्याने कुलंट पातळ होतं, क्षार साचतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

चांगला मेकॅनिक आधी काहीच खोलत नाही. थंड इंजिनवर झाकणाच्या जागी तो काटा असलेला हातपंप बसवतो, झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब भरतो आणि थांबतो. पंधरा मिनिटांत काटा 1.1 वरून 0.8 वर आला, की टॉर्च घेऊन तो खाली वाकतो. होस पाइपच्या क्लिपखाली हिरवा थेंब लोंबत असतो. कधी वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ओघळ आलेला असतो, तर कधी रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जाळीला जोडलेली असते तिथे ओल दिसते. गरम इंजिनावर हेच थेंब जागीच वाळतात, मागे पांढरट पापुद्रा तेवढा राहतो. म्हणून घरी जमीन कोरडी दिसते.

गाडीत पायाखालची मॅट ओली असेल, तर बोट लावून पाहावं. एसीचं पाणी साधं असतं. हीटरमधून गळलेलं कुलंट चिकट, गोडसर वासाचं.

काटा उतरतो पण बाहेर थेंबही नाही, तेव्हा संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पातळ थरावर जातो. सिलिंडरमधला ज्वलनाचा दाब झाकणाच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. तो फटीतून पाण्यात शिरला, की सकाळी गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच, पाणी तापायच्या आत, होस दगडासारखा कडक होतो. बाटलीत बुडबुडे येतात. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. त्यात ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल, तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा पडतो.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला म्हणून, पाणी ऑइलमध्ये गेलं असं समजून, लगेच हेड उतरवू नये. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही तो धरतो. डिपस्टिकवरचं ऑइलही चहाच्या रंगाचं झालं असेल, तर मात्र गाडी चालवत न्यायची नाही, ओढून न्यायची.

त्याच हातपंपावर झाकणही तपासता येतं. 1.1 चं झाकण 0.5 वरच फुसफुसलं, तर आधी ते बदलायचं आणि मग घाट चढून पाहायचा.