बोरीकाठचे स्वागत



'औद्योगिक समाजातील असंतोष आणि राजकीय सुधारणा' या परिषदेसाठी आलेल्या सर्वांचे अमळनेर मनापासून स्वागत करते. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची समाधी. वैशाखात तिथे यात्रा भरते. भोवती कापसाचा मुलूख. प्रताप शेठजींनी गिरणी उभारली आणि वारकऱ्यांचे हे गाव भोंग्यावर उठू लागले.

शेठजींच्या तत्त्वज्ञान मंदिराबद्दल बोलताना स्वागत समितीला वेळेचे भान राहणार नाही. तेवढी मुभा असावी. १९१६ साली हे मंदिर निघाले. मुंबईत नाही, पुण्यात नाही, अमळनेरात! कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा विचारवंत बंगालमधून येऊन १९३३ ते ३५ इथे संचालक होता. टी. आर. व्ही. मूर्तींनी उमेदीची वर्षे इथेच अभ्यासात घालवली. कापसाच्या पैशातून अद्वैताचा अभ्यास चालवणारे दुसरे तालुक्याचे गाव कुणी दाखवावे.

परिषदेच्या विषयाशी याचे नाते साने गुरुजींमुळे जुळते. तत्त्वज्ञान शिकायला ते याच मंदिरात आले आणि १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयातली मुले झोपली की गुरुजी हाताने दैनिक लिहीत. सकाळी मुलांना ते वाचायला मिळे. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली.

पुढे १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. नेहरू अध्यक्ष होते. सारा, खंड आणि कर्ज यांतून शेतकऱ्याला दिलासा देणारा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. १९३८ मध्ये गुरुजींनी अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक काढले आणि शेतकरी-कामगारांची दुःखे त्यात मांडली. शेठजींच्या गावाने, शेठजींच्याच शाळेने कामगारांना गुरुजी दिले, याचा अमळनेरला फार अभिमान आहे.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. काल रात्री गाद्या कमी पडल्या, पहाटे गरम पाणी उशिरा आले. वयस्कर प्रतिनिधींना त्याचा त्रास झाला. समिती त्यांची हात जोडून क्षमा मागते. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी धान्य दिले, शेतकऱ्यांनी वांगी पाठवली, निवृत्त गिरणी कामगारांनी दोन दिवस राबून मंडप घातला, शेजारच्या घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या मोकळ्या केल्या. या सर्वांची समिती ऋणी आहे.

जेवणाची सोय मंडपामागे केली आहे. भरीत आणि कळण्याची भाकरी गरम आहे. पहिली पंगत बाहेरगावच्या प्रतिनिधींची.